पतीची किडनी पत्नीला का चालली नाही? सिंधुदुर्गातील एक प्रकरण अभ्यास

मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहणाऱ्या ३६ वर्षांच्या विवाहित महिलेचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. किडनी प्रत्यारोपणाविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविषयी आणि दात्याच्या त्यागाविषयी असते. या प्रकरणात मात्र निर्णायक ठरलेल्या जवळजवळ सर्व गोष्टी शस्त्रक्रियेच्या कितीतरी वर्षे आधी किंवा नंतरच्या महिन्यांत, आणि मुंबईत नव्हे तर तालुक्याच्या पातळीवर घडल्या. आपल्याकडे डायलिसिसवर असलेल्या प्रत्येक स्त्रीशी या गोष्टींचा संबंध आहे, म्हणून त्या विस्ताराने मांडत आहे.

आजाराची सुरुवात आणि डायलिसिस

रुग्णाला तीन वेळा गर्भधारणा झाली होती. पहिली मुलगी, त्यानंतर पाचव्या महिन्यात झालेला गर्भपात आणि शेवटी मुलगा. मुलाच्या वेळी सातव्या महिन्यापासून रक्तदाब वाढला होता आणि लघवीतून प्रथिने जात होती. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झाल्याने त्यांना रक्ताच्या तीन पिशव्या द्याव्या लागल्या. बाई वाचल्या, बाळ सुखरूप राहिले आणि या आनंदात लघवीची तपासणी पुन्हा करण्याचे राहून गेले. गरोदरपणातला रक्तदाब बाळंतपणानंतर उतरतो, हे बहुतांशी खरे आहे. तो ज्यांचा उतरत नाही, त्यांच्यात किडनीचा जुना आजार दडलेला असण्याची शक्यता असते, आणि तो शोधण्यासाठी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी केलेली लघवीची साधी तपासणी पुरते.

सहा वर्षांनी त्या धाप लागून आणि पाय सुजून दाखल झाल्या, तेव्हा किडनीचे काम मंदावले की रक्तात साठत जाणारे क्रिएटिनिन ११.४, पोटॅशियम ६.३ आणि हिमोग्लोबिन ५.९ होते. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसून साडेसात सेंटीमीटरच्या झालेल्या दिसल्या. इतक्या आकसलेल्या किडनीची बायोप्सी करण्यात धोका जास्त आणि लाभ काही नसल्यामुळे मूळ आजार कोणता, हे निश्चित कळले नाही. बहुधा किडनीतील गाळण्यांचा दीर्घकाळ चाललेला दाह असावा. मानेतील शिरेत नळी घालून त्याच दिवशी डायलिसिस सुरू झाले. पुढे डाव्या मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला तयार करण्यात आला आणि दोन महिन्यांनी तो वापरण्याजोगा झाला.

निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते. चार तासांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा केले तरी ते १२ तास होते. उरलेल्या वेळेत शरीरात साठणारे पाणी आणि पोटॅशियम आहारातूनच आवरावे लागते, आणि किनाऱ्यावरच्या घरात हे अवघड असते. पावसाळ्यात सुक्या मासळीशिवाय जेवण होत नाही. त्यातल्या मिठाने तहान वाढते आणि दोन डायलिसिसच्या मध्ये तीन-चार किलो वजन वाढते. अशक्त माणसाला शहाळ्याचे पाणी द्यावे, ही इथली मायेची रीत आहे. परंतु शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते. रुग्णाच्या सासूबाईंना हे एकदा समजावून सांगितल्यावर त्यांनी ते कसोशीने पाळले.

रक्ताबाबत मात्र असे झाले नाही. लाल पेशी तयार करण्याचा संदेश देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीतच बनते, त्यामुळे किडनी निकामी झालेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन घसरणारच. त्यावर उपाय म्हणजे या संप्रेरकाची इंजेक्शने आणि शिरेतून दिलेले लोह. ही इंजेक्शने नियमित मिळाली नाहीत. पहिल्या भरतीत दोन आणि पुढच्या वर्षभरात वेगवेगळ्या ठिकाणी आणखी दोन पिशव्या रक्त दिले गेले. यातील पहिल्या दोन पिशव्या टाळणे कठीण होते. नंतरच्या दोन टाळता आल्या असत्या, असे कागदपत्रे पाहून माझे स्पष्ट मत झाले. बाळंतपणातल्या तीन धरून एकूण सात पिशव्या झाल्या. पांढऱ्या पेशी गाळून काढणारा फिल्टर यातील एकाही वेळी वापरल्याची नोंद नाही.

क्रॉसमॅचचा निकाल

रुग्णाचे पती मच्छीमार नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, आहेत. वय ४२, निर्व्यसनी, रक्तदाब आणि साखर उत्तम. दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह निघाला, तेव्हा प्रश्न सुटला असेच सर्वांना वाटले. किडनी देण्याचा विचार त्यांनी स्वतःहून मांडला होता. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आहे. पत्नी पतीला देते, आई मुलाला देते. पती पत्नीला देण्यासाठी उभा राहिल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी. त्यामुळे या तांडेलांच्या निर्णयाचे मला फार मोल वाटले.

मुंबईत क्रॉसमॅच झाली. या चाचणीत दात्याच्या रक्तातील लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर रुग्णाचा रक्तद्रव आणि पूरक प्रथिने घालतात आणि पेशी मरतात का ते पाहतात. पतीच्या ८० टक्के पेशी मेल्या. चाचणी ठळकपणे पॉझिटिव्ह होती, म्हणजे त्यांची किडनी बसवून रक्तप्रवाह सुरू करताच काही मिनिटांत ते काही तासांत ती काळीनिळी पडून कायमची निकामी होण्याचा धोका होता. १९६०च्या दशकात अशा घटना शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घडत असत. पॉल तेरासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६९ मध्ये क्रॉसमॅच आणि अशा तत्काळ नकाराचा, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारण्याचा, संबंध दाखवून दिल्यापासून ही चाचणी जगभर अनिवार्य झाली.

निकाल ऐकल्यावर पतीने विचारलेला प्रश्न असा होता: ‘माझा रगात तिका चलता, मगे किडनी कित्याक चलना नाय?’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

रक्तगट म्हणजे लाल पेशींवरची ओळख. किडनीच्या पेशींवर त्याखेरीज आणखी एक ओळख असते, तिला एचएलए म्हणतात. तिची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांशेजारी असतात आणि सहसा गठ्ठ्यानेच वारशात उतरतात. एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. या जनुकांचे हजारो प्रकार आहेत. रक्त देताना ही ओळख पाहत नाहीत, कारण लाल पेशींवर ती जवळजवळ नसते. परंतु रक्ताच्या पिशवीत लाल पेशींबरोबर दात्याच्या पांढऱ्या पेशीही येतात, आणि त्यांच्यावर ती भरपूर असते. प्रत्येक पिशवीगणिक रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेची एका परक्या एचएलएशी भेट होते. यंत्रणा त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवते आणि ती बनवण्याची आठवण स्मृतिपेशींमध्ये जपून ठेवते.

गर्भारपणातही असेच घडते. बाळाचा अर्धा एचएलए वडिलांचा असतो. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात, बाळंतपणाच्या वेळी आणि गर्भपातातही जास्त प्रमाणात शिरतात, आणि आईचे शरीर पतीच्या एचएलएविरुद्ध सज्ज होते. या रुग्णात ते तीनदा झाले. त्यानंतर मिळालेल्या रक्ताने ती आठवण पुन्हा जागी केली असावी. एकेका एचएलए प्रतिजनाविरुद्धची, म्हणजे पेशीवरच्या एकेका ओळखखुणेविरुद्धची, प्रतिपिंडे मोजणाऱ्या ल्युमिनेक्स चाचणीत हे उघड झाले: पतीच्या दोन गठ्ठ्यांपैकी एकावरील एचएलए-ए आणि एचएलए-बी या दोन्ही प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडे खूप तीव्र होती, दुसऱ्या गठ्ठ्याविरुद्ध सौम्य. त्याशिवाय कुटुंबात कोणातही नसलेल्या काही प्रतिजनांविरुद्धही प्रतिपिंडे सापडली. ती कोणाची, हे सिद्ध करता येत नाही. पण अनोळखी रक्तदात्यांच्या पेशींखेरीज त्यांचा दुसरा स्रोत मला दिसत नाही. सर्वसामान्य लोकसंख्येतील दर शंभर दात्यांपैकी सुमारे ७४ जणांची किडनी या बाईंना चालणार नाही, असा हिशेब निघाला.

प्रतिकारयंत्रणेची ही स्मृती प्रथम लक्षात आली ती त्वचेच्या रोपणात. थॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमेवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे दोन वेळा लावले होते. दुसऱ्या वेळचे तुकडे पहिल्यापेक्षा लवकर गळून पडले. मेडावर यांना पुढे १९६० मध्ये नोबेल मिळाले. आमच्या रुग्णाला कोणतेही रोपण झालेले नव्हते, तरी तिचे शरीर त्या स्त्रीच्या दुसऱ्या खेपेच्या अवस्थेत आधीच पोहोचलेले होते.

इथे एका जुन्या समजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १९७०च्या दशकात प्रत्यारोपणापूर्वी रक्त दिलेल्या रुग्णांची किडनी अधिक टिकते असे आढळले होते आणि काही केंद्रांत मुद्दाम रक्त दिले जाई. सायक्लोस्पोरिनसारखी प्रभावी औषधे आल्यावर हा लाभ नगण्य झाला, प्रतिपिंडांचा तोटा मात्र कायम राहिला. तरीही हिमोग्लोबिन कमी दिसले की पिशवी लावायची, ही सवय छोट्या केंद्रांत टिकून आहे. ज्याचे प्रत्यारोपण होऊ शकते अशा रुग्णाला छातीत दुखणे, तीव्र धाप किंवा चालू रक्तस्राव नसताना केवळ आकडा पाहून रक्त देऊ नये. द्यावेच लागले तर पांढऱ्या पेशी गाळलेले द्यावे. स्त्री रुग्णाबाबत तर हे दुप्पट काटेकोरपणे पाळावे. जी स्त्री घरात सर्वांत आधी किडनी द्यायला पुढे होते, तिलाच गरज पडली तर मातृत्वामुळे पती आणि मुले हे दोन जवळचे दाते तिच्यासाठी अवघड होऊन बसतात. या अन्यायात आपण रक्ताच्या पिशव्यांची भर घालू नये.

बहिणीचा निर्णय

पुढचे मार्ग मोजकेच होते. प्रतिपिंडे रक्तद्रवातून काढून टाकण्याचे उपचार करून पतीचीच किडनी बसवणे शक्य असते. परंतु इतक्या तीव्र प्रतिपिंडांपुढे यशाची खात्री कमी, जंतुसंसर्गाचा धोका मोठा आणि खर्च या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने मान्य केलेली अदलाबदल, म्हणजे दोन जोडप्यांनी एकमेकांच्या रुग्णाला किडनी देणे, हा दुसरा मार्ग. त्यासाठी जुळणारे जोडपे मिळायला हवे. मुंबईतील रुग्णालयामार्फत मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवले गेले. परंतु ७४ टक्के दाते आधीच बाद असलेल्या रुग्णाची प्रतीक्षा लांबणार, हे उघड होते.

आईला मधुमेह होता, वडील हयात नव्हते, भावाचा रक्तगट ए. उरली ती धाकटी बहीण, वय ३३, देवगड तालुक्यात दिलेली, एका मुलाची आई, रक्तगट बी. भावंडांचे एचएलए गठ्ठे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धे जुळण्याची चारात दोन आणि मुळीच न जुळण्याची चारात एक असते. बहिणीचा एक गठ्ठा जुळला. न जुळलेल्या दुसऱ्या गठ्ठ्यातील एकाही प्रतिजनाविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंड नव्हते. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या क्रॉसमॅच निगेटिव्ह आल्या.

शास्त्राचे उत्तर मिळाले तरी माणसांचे मिळायचे होते. ‘तिका विचारू नकात, ती नाय म्हणूची नाय,’ असे रुग्ण स्वतःच सांगत होत्या, आणि या वाक्यातली काळजी मला योग्य वाटते. नाही म्हणता न येणारी संमती ही संमतीच नव्हे. या कायद्याखालील २०१४ च्या नियमांत स्त्री दात्याबाबत अधिक दक्षता घ्यावी आणि तिच्या स्वतंत्र संमतीची खातरजमा रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून करावी, अशी तरतूद आहे. रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयक बाईंनी बहिणीला एकटीला भेटून, दोन वेळा, वेगवेगळ्या दिवशी बोलून घेतले. तिला नकार द्यायचा असेल तर ‘वैद्यकीय कारणाने बाद’ एवढेच घरच्यांना सांगितले जाईल, हेही स्पष्ट केले. उरलेली एक किडनी हळूहळू आपली क्षमता वाढवते, पण दोन किडन्यांइतकी होत नाही. पुढे गर्भधारणा झाल्यास रक्तदाबाचा धोका काहीसा वाढतो. आणि थोरल्या बहिणीच्या आजाराचे मूळ अज्ञात असल्याने तिची तपासणी अधिक कडक होईल, हे सर्व तिला सांगितले. तिने चार दिवस मागितले आणि होकार दिला. तिच्या सासूबाईंचा प्रश्न, भातलावणीच्या दिवसांत ही वाकून काम करू शकेल का, असा होता. तीन महिन्यांनंतर करू शकेल, हे उत्तर त्यांना पटले.

जानेवारीत मुंबईत शस्त्रक्रिया झाली. खर्चाचा मोठा भाग महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. बहिणीची डावी किडनी दुर्बिणीने काढून रुग्णाच्या पोटात उजव्या बाजूला खाली बसवली. स्वतःच्या आकसलेल्या किडन्या नेहमीप्रमाणे जागीच ठेवल्या. पूर्वीची प्रतिपिंडे लक्षात घेऊन सुरुवातीला प्रतिकारयंत्रणा दाबणारे अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन दिले गेले आणि नंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही नकार रोखणारी तीन औषधे सुरू झाली. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन १.१ होते.

दोन वेळा वाढलेले क्रिएटिनिन

जुलैच्या मध्यास नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.९ आले. ताप नव्हता, लघवी ठीक होती, त्यांना स्वतःला काहीच जाणवत नव्हते. पावसाळ्यात सिंधुदुर्गात किडनी बिघडली की चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा विचार आधी येतो, आणि तो यायलाच हवा, विशेषतः प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णात. त्याची तपासणी निगेटिव्ह आली. टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी ६ ते ८ अपेक्षित असताना २.४ निघाली.

कारण विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पतीची मिळकत त्या काळात थांबते, आणि महिन्याची औषधे मात्र थांबत नाहीत. घरात कोणालाही न सांगता त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या कॅप्सूलपैकी संध्याकाळची बंद केली होती. तब्येत उत्तम वाटत असल्याने अर्धे औषध पुरेल, असा त्यांचा समज होता. कुडाळहून रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबईला नेले. बायोप्सीत प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशींनी केलेला तीव्र नकार दिसला. प्रतिपिंडांच्या हल्ल्याची खूण नव्हती आणि नवी प्रतिपिंडेही तयार झालेली नव्हती. शिरेतून तीन दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिल्यावर क्रिएटिनिन १.४ पर्यंत उतरले. ते पूर्वीच्या १.१ वर पुन्हा कधीच आले नाही.

सप्टेंबरात, गणपतीनंतर, क्रिएटिनिन पुन्हा १.८ झाले. पुन्हा औषध चुकले, असे घरच्यांनी धरूनच ठेवले होते आणि रुग्णाला बोलही लावले होते. परंतु या वेळी त्यांचे हात थरथरत होते आणि रक्तदाब वाढलेला होता. पातळी तपासली तर १९ आली. औषध कमी नव्हे, फार जास्त झाले होते. टॅक्रोलिमस अधिक झाले की किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आकुंचन पावतात आणि क्रिएटिनिन वाढते. इथे नकार समजून पुन्हा स्टेरॉइडचा मोठा मारा केला असता, किंवा पातळी न पाहता औषध वाढवले असते, तर मोठे नुकसान झाले असते.

कारण माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, बांधलेल्या फळांत सापडले. विसर्जनानंतर माटवीची फळे घरात वाटून खातात, आणि त्यांना आवडते म्हणून पपनसाचा मोठा वाटा त्यांच्याकडे आला होता. ग्रेपफ्रूटप्रमाणेच पपनसातही आतड्यातील सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) निष्प्रभ करणारी द्रव्ये असतात. टॅक्रोलिमसचा बराचसा भाग हे विकर आतड्यातच मोडून टाकते. ते थांबले की तेवढ्याच मात्रेत कितीतरी जास्त औषध रक्तात शिरते. मुंबईतून मिळालेल्या आहारपत्रिकेत ग्रेपफ्रूट वर्ज्य लिहिलेले होते. ते फळ या घरात कोणी पाहिलेलेही नव्हते. पपनसाचे नाव त्यात नव्हते. मात्रा काही दिवस कमी केली, फळ बंद केले आणि दहा दिवसांत पातळी ७ वर, क्रिएटिनिन १.४ वर आले.

या दोन्ही घटनांनंतर आम्ही जी व्यवस्था केली ती अशी. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांची औषधे मे महिन्यातच घेऊन ठेवण्यासाठी गावातील मच्छीमार सोसायटीच्या मंडळींनी उचल देण्याची तयारी दाखवली. क्रिएटिनिनच्या प्रत्येक तपासणीबरोबर टॅक्रोलिमसची पातळीही पाहिली जाते. नमुना सकाळची कॅप्सूल घेण्यापूर्वीच काढायचा, हे तालुक्यातील प्रयोगशाळेला लेखी दिले आहे, कारण गोळी घेऊन आलेल्या रुग्णाची पातळी फसवी असते. आहारपत्रिका स्थानिक नावांनी नव्याने लिहिली. डायलिसिसवर नव्याने येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या कागदावर आता गर्भधारणा, गर्भपात आणि आजवर मिळालेल्या रक्ताच्या पिशव्या यांची नोंद पहिल्याच पानावर होते.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस रुग्णाचे क्रिएटिनिन १.४ वर स्थिर आहे आणि दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आढळलेली नाहीत. अनवाणी चिखलात न उतरण्याची अट त्या पाळतात. भातलावणी त्यांच्या घरी आता मजुरांकडून होते. बहिणीच्या वार्षिक तपासणीचा प्रश्न मात्र अर्धवट आहे. रुग्णाच्या तपासण्यांसाठी सगळे धावतात. दात्याचा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन दरवर्षी पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे आमच्याकडे ठरलेले नाही. पहिल्या वर्षी तिचे क्रिएटिनिन ०.९ होते. दुसऱ्या वर्षी ती आली नाही, म्हणून देवगडच्या आशाताईंमार्फत निरोप धाडून तिच्या रक्ताचा आणि लघवीचा नमुना तिथेच घेण्याची सोय केली आहे.